लळिंगच्या डोंगरावर देवाशी भांडण

"वरच्या बाजूला हा पांढरट डाग दिसतोय ना, बाई? ट्युबरक्युलोसिस. म्हणजे क्षय," डॉक्टर म्हणाले. एक्स-रेचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता.

मला डाग दिसला नाही. माझ्या बरगड्या दिसल्या. आपलीच हाडं अशी बघायची वेळ कुणावर येऊ नये.

मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. बरेच दिवस खोकला होता, संध्याकाळी कणकण यायची. खडूची धूळ असेल, असं सगळे म्हणत आणि मीही मानत होते. मग एकदा फळ्यावर लिहितानाच उबळ आली आणि रुमालावर रक्त पडलं.

ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आम्ही ख्रिस्ती माणसं आजारपणाबद्दल लिहायला लागलो की पहिल्या ओळीपासून देवाचे उपकार मानतो. माझ्याने ते होणार नाही. मला राग आला होता. त्यातला बराचसा अजून आहे.

डॉक्टरांनी पहिली चौकशी केली ती घरातल्या लहान मुलाची. रूथ तेव्हा तीन वर्षांची होती. "तिला लगेच दुसरीकडे ठेवा," ते म्हणाले. माझी नणंद जळगावला राहते. ती आली आणि रूथला घेऊन गेली. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लेकीला जवळसुद्धा घेतलं नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. रूथ मात्र हात पुढे करून रडत होती.

मला इस्पितळात ठेवलं. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं नवं औषध तेव्हा मिळू लागलं होतं. क्षयाचे जंतू मारणारं ते इंजेक्शन कमरेत देत. त्यानं डोकं गरगरे आणि कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येई. जोडीला पी.ए.एस.च्या पुड्या. हेही जंतूंवरचंच औषध, पण त्याने अन्नाची वासनाच जाई. आणि बेड रेस्ट, म्हणजे खाटेवरून उठायचंच नाही. हे शेवटचं औषध सर्वांत कडू. सकाळी उन्हाची तिरीप भिंतीवर येई आणि दुपारी निघून जाई. एवढीच काय ती हालचाल.

शेजारच्या खाटेवर नरडाण्याकडची एक शेतकरीण होती. सगळे तिला जिजाअक्का म्हणत. मी डोळे मिटून पुटपुटत प्रार्थना करायचे, ते तिला मुळीच पटायचं नाही.

"तुना देव बहिरा शे का, माय?" ती एकदा म्हणाली. "मंग जोरमा बोल ना!"

मला इतकं हसू आलं की खोकला आवरेना. नर्स दोघींवर ओरडली.

जिजाअक्का बरी झाली नाही. तिला उशिरा आणलं होतं, दोन्ही फुफ्फुसं गेली होती. एका दुपारी ती गेली. गादी उन्हात टाकली, लोखंडी खाट तशीच उघडी राहिली.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला भेटायला आले. दारातच उभे राहिले, नाकाला रुमाल लावून.

"बाई, स्वतःच्या अंतःकरणात शोध घ्या," ते म्हणाले. "प्रभू विनाकारण शिक्षा करत नाही."

मी त्या उघड्या खाटेकडे बोट दाखवलं. "हिनं काय केलं होतं, साहेब?"

ते प्रार्थना करून निघून गेले. त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली.

औषध लागू पडलं. स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, पुन्हा पुन्हा केली आणि प्रत्येक वेळी निर्मळ आली. डॉक्टर यजमानांना म्हणाले, "जंतू नाहीत. यांच्यापासून आता कुणाला धोका नाही. मुलीला घरी आणा." मला म्हणाले, "तुम्ही चालायला लागा. आधी थोडं, मग जास्त. मोकळ्या हवेत. दम लागला की बसायचं, घाबरायचं नाही."

मला वाटलं, संपलं.

यजमान जळगावला गेले आणि एकटेच परत आले. "ताई म्हणते, आणखी वर्षभर राहू दे." शाळेने माझ्या जागी दुसऱ्या बाई घेतल्या होत्या. उपासनेला गेले तर मला शेवटच्या बाकावर बसवलं. प्रभुभोजनाचा प्याला, ज्यातून सगळे एकेक घोट घेतात, सगळ्यांकडून फिरला आणि माझ्यापाशी येण्याआधीच वेदीवर ठेवून दिला. मंडळीच्या पंचांनी तसं ठरवलं होतं म्हणे. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

मी उठले आणि बाहेर पडले. पुढच्या रविवारी उपासनेच्या वेळेला मी चालायला निघाले. देवाला शोधायला वगैरे नाही. घरात बसून चर्चची घंटा ऐकवेना म्हणून.

आधी पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन परत येत असे. मग नदीच्या काठाने पुढे. पाय थरथरत, छातीत घरघर होई. बसायचे, पुन्हा उठायचे. पावसाळा संपल्यावर मालेगावच्या मोटारीने लळिंगला उतरून किल्ल्याचा डोंगर चढू लागले. पहिल्या खेपेला निम्म्यातूनच परत फिरले. यजमान म्हणाले, "मी येतो सोबत." मी नको म्हटलं.

ज्या दिवशी वर पोचले, त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता. वाळकं गवत आडवं होत होतं, खाली अंजनाची झाडं हलत होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. कातळात खोदलेल्या टाक्यापाशी बसले आणि मला जिजाअक्काचे शब्द आठवले. मग मी जोरात बोलले.

काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तिला का नेलंस, विचारलं. माझी लेक माझ्यापासून तोडलीस. तुझी माणसं मला वाळीत टाकतात, तेव्हा तू कुठे असतोस? घसा बसेपर्यंत ओरडले.

आकाशातून आवाज आला नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. फक्त थांबल्यावर ध्यानात आलं, की एवढं ओरडूनही मला खोकला आला नव्हता.

तिथेच बसून राहिले. येशू माणसांना सोडून एकटाच डोंगरावर जायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मुलींना शिकवलंही होतं. तो तिथे काय बोलत असेल, याचा मात्र कधी विचार केला नव्हता. सगळं गोडच बोलत असेल का? क्रुसावर जाण्याआधीच्या शेवटच्या रात्री मित्र झोपून गेले, तेव्हा त्यानेही त्यांना जाब विचारला होताच की. मग माझ्या रागाने त्याला धक्का बसण्याचं कारण नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी मी त्याच्याशी बोलले होते. ती प्रार्थनाच होती, आजवरची सर्वांत खरी.

उतरताना मला हलकं वगैरे वाटत नव्हतं. पण काय करायचं ते कळलं होतं. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडून झालं होतं. आता माणसांशी बोलायचं होतं, तेही वर्षभराने नाही.

मी चाळीसगावावरून जळगावला गेले. नणंदेने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

"वहिनी, मुलीचा विचार करा. थोडं थांबा."

"वन्सं, तुम्ही तिला जीव लावलात, ते मी जन्मभर विसरणार नाही," मी म्हणाले. "पण डॉक्टर बरी म्हणतात आणि तुम्ही मला आजारी ठरवता, हे मी ऐकून घेणार नाही. तिचे कपडे भरा."

ती खूप रडली. मीही रडले. पण तिने कपडे भरले.

पाळकसाहेब नंतर घरी आले. प्याल्याचं काहीतरी वेगळं करू, म्हणाले. मी सांगितलं, माझ्यासह सगळ्यांचा प्याला एकच असेल त्या दिवशी येईन. अजून तो दिवस आलेला नाही. त्या लोकांना क्षमा करायचा माझा प्रयत्न चालू आहे. अजून जमलेली नाही, खरं तेच सांगते.

तुमच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर औषध सोडू नका. आणि बरं झाल्यावर राग आला, तर आपण अधर्मी झालो असं समजू नका. बाहेर पडा, चाला आणि देवाला सगळं सांगा. तो ऐकून घेतो.

रविवारी मी रूथला घेऊन लळिंगला जाते. नणंदेच्या मुलांमध्ये वाढल्याने ती त्यांच्यासारखंच मला 'मामी' म्हणायला शिकली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काळजात चर्र झालं. आताही होतं. ती पुढे पळत जाते, वळून ओरडते, "मामी, लवकर ये ना!"

मी तिला ओ देते आणि चढ चढत राहते.