समेवर न पडणारी टाळी

शरयू बोकारे यांना गाता येत नाही, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. संगीतात एम.ए. करून वर अलंकार झालेल्या माणसाला एवढे म्हणण्याचा अधिकार असावा. तरीही अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या आमच्या मराठी मंडळात गाण्याचा विषय निघाला की नाव त्यांचे निघते. मंडळाचा गायनवर्ग वर्षानुवर्षे मी चालवतो. माझ्या वाट्याला ‘हो, गुरुनाथही शिकवतात’ एवढे येते.

बाई मूळच्या नागपूरच्या. आवाज जाड म्हणून शाळेच्या समूहगीतातून त्यांना काढून टाकले होते, हे त्या स्वतःच हसत सांगतात. नवरा प्रताप याच्या नोकरीमागून इथे आल्या. व्हिसामुळे कित्येक वर्षे घरीच बसावे लागले. २००३ साली ग्रीन कार्ड मिळाले आणि त्यांनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरले. घरचे सगळे नीट असताना परक्या मुलांना पिझ्झा वाढण्याची ही हौस मंडळातल्या कोणालाच कळेना. मला तेव्हा त्यांच्याविषयी सहानुभूती होती, हे नमूद करतो.

त्या स्वयंपाकघराची प्रमुख लोरेन नावाची, साठीला आलेली कृष्णवर्णीय बाई. ट्रे धुताना ती तिच्या लोकांची, चाळीस वर्षांपूर्वीची ‘सोल’ नावाची गाणी म्हणे. तू गेलास, परत ये, मी अजून इथेच आहे, एवढाच त्यांचा मजकूर. एक ओळ ती म्हणे, बाकीच्या बायका उत्तर देत. शरयूबाई पुष्कळ दिवस नुसत्या ऐकत होत्या. एकदा उत्तर देणारी बाई रजेवर गेली, ओळ रिकामी पडली आणि ती यांच्या तोंडून निघाली. लोरेनने हातातला ट्रे खाली ठेवला म्हणे. “हनी, इतके दिवस हा आवाज कुठे ठेवला होतास?”

माझ्या गुरूंनी मला असा प्रश्न कधी विचारला नाही.

इथवर माझे काही म्हणणे नव्हते. माझी तक्रार माझ्या मुलीपासून सुरू होते. रुचा सहा वर्षांची असल्यापासून मी तिला शिकवत आलो. माझे गाणे तिकीट काढून कोणी ऐकले नाही. तिचे ऐकतील, एवढ्या एका आशेवर मी या देशात तानपुरा लावत होतो. २००६ च्या दिवाळीत मंडळाच्या मंचावर ती अर्धा तास राग गाणार, असे ठरले होते.

त्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला शेगडीवर कणसे भाजता भाजता शरयूबाईंनी असले एक गाणे सुरू केले, आणि रुचाने पुढची ओळ उचलली. गाणे तिच्या जन्माआधी वीस-पंचवीस वर्षांचे, तरी तिला मुखोद्गत. मी शिकवलेली बंदिश दर आठवड्याला नव्याने सांगावी लागते. त्यानंतर रविवारच्या रियाजाच्या वेळी रुचा बोकाऱ्यांच्या गॅरेजमध्ये सापडू लागली.

मी जाब विचारायला गेलो.

“या नं भाऊजी, चहा टाकते.”

“चहा नको. तुम्ही तिला काय शिकवता?”

“मी कायची शिकवते? ती गाते, मी उत्तर देते. मग मी गाते.”

“वर जाताना तिचा आवाज फाटतो आहे.”

“फाटू द्या नं. गाणं तिथूनच सुरू होतं.”

“नऊ वर्षं मी तो सांधतो आहे, वहिनी!”

मागून रुचा म्हणाली, “बाबा, प्लीज. लोक बघतायत.” तिथे बघणारे आम्ही तिघेच होतो.

घरी माझी पत्नी मीनाक्षी म्हणाली, “अहो, पोरगी गातेय ना? पोरं गाणं सोडून देतात, त्यांच्या बापांना विचारा जरा.” दिवाळीला रुचा राग गाणार नाही, काकूंबरोबर गाणार, हे मला तिच्याकडूनच कळले.

दिवाळीच्या दिवशी सभागृह भरले होते. गाणे ट्रेनची वाट पाहणाऱ्यांचे होते. ते सुरू होताच आपल्या लोकांनी टाळ्या धरल्या, आणि भजनात धरतात तशाच धरल्या: पहिल्या मात्रेवर, तिसऱ्या मात्रेवर. शरयूबाईंनी गाणे थांबवले.

“अशी नाही. एकवर हात आवरा, दोनवर सोडा. तीनवर आवरा, चारवर सोडा. सम जाऊ द्या नं पुढे!”

दोन फेऱ्यांत अख्खे सभागृह त्यांच्या मात्रेवर आले. पहिल्या रांगेतले आजोबासुद्धा आले. मी आलो नाही. माझा हात सवयीने समेवर पडला आणि त्या शांत जागेत एकटा वाजला.

“भाऊजी, ट्रेन यायची आहे अजून,” शरयूबाई माइकवरून म्हणाल्या. सभागृह हसले. रुचाही हसली, आणि हसतच तिने वरचा स्वर घेतला. लोक उभे राहिले.

ही गाणी जुनी का होत नाहीत, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांत ऐकणाऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडलेली असते. ज्याचे कोणी गेले आहे, तो ती भरतो. शास्त्राला असली सैल व्यवस्था परवडत नाही. म्हणून शास्त्राच्या वाट्याला अर्धे भरलेले सभागृह येते.

आता रुचाकडे लर्नर परमिट आहे. गाडी ती चालवते, पण शेजारी मोठे माणूस बसलेले असावे लागते. ते माणूस मी. दर रविवारी मी माझ्याच विद्यार्थिनीला दुसरीच्या दारात पोचवतो.

“आत येता का, बाबा?”

“नाही.”

मी काच वर करून गाडीत बसतो. तरी ऐकू येते. गेल्या रविवारी ती कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराकडे सरकली आणि मधेच, दोहोंपैकी कुठेच नसलेल्या जागी, लोंबत राहिली. गॅरेजमधून शरयूबाई ओरडल्या, “हाय रे पोरी! हे कुठून आणलं?”

ती मींड माझी आहे. दोन हिवाळे मी ती तिच्या गळ्यात बसवली. रुचाने काय उत्तर दिले, ते ऐकायला मी काच खाली केली. पण तोवर त्यांनी पुढची ओळ सुरू केली होती.