चिमाजीच्या छातीतली गाठ

मढ गावच्या कड्यांवरची आग्या मोहळं काढावीत ती चिमाजीनंच. वर मेव्हणा सोपान दोर धरायचा अन् चिमाजी धुरासाठी पेटवलेली गवताची चूड घेऊन खाली उतरायचा. भ्यालेला असा तो कुणी पाहिला नव्हता.

साठीला टेकला तेव्हा खोकल्यातून रक्त पडलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बाबा, फुप्फुसातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. ऑपरेशन होणार नाही. किरणं द्यावी लागतील."

पहिल्या दिवशी त्याला थंडगार फळीवर निजवलं, हात डोक्यावर. सगळे बाहेर गेले, जाड दार लागलं आणि यंत्र गुरगुरत त्याच्याभोवती फिरू लागलं. दुखलं काहीच नाही, आणि त्यानंच त्याचा थरकाप उडाला. माशी डसली तर कळतं तरी. हे आत काय शिरतंय?

"सोपान!" तो ओरडला.

यंत्र थांबवून तिथला माणूस आत आला. "बाबा, हलू नका. आम्ही कॅमेऱ्यातून बघतोय."

"मेव्हण्याला हितं उभा करा की."

"आत कुणालाच थांबता येत नाही."

मग त्या माणसानं सोपानला बाहेरच्या माइकजवळ नेलं. "दाजी, मी हाय," छताकडून आवाज आला. चिमाजीनं डोळे गच्च मिटले.

तिसऱ्या आठवड्यात घास गिळताना निखारा उतरावा तशी आग व्हायला लागली. गाठ गळ्यात आली, असं त्यानं मनाशी धरलं अन् कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सखूबाईला, खिडकीबाहेर टाकलेली भाकरी दिसली.

"अवं, खात का न्हाई तुमी?"

"सखू, ती वर आली गं," म्हणत तो पोरासारखा रडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ नाही आली. किरणांनी अन्ननलिका सोलवटलीय, भरून येईल. आधी सांगायचं ना, बाबा!" जेवणाआधी पातळ औषध अन् गार पेज, यावर महिनाभरात घशाची आग शमली.

किरणं संपली, पण पुढं भातकापणीच्या दिवसांत कोरडा खोकला उठला, ओसरीची पायरी चढताना दम लागू लागला. त्याला पुन्हा पुण्याला नेलं. या वेळी फुप्फुस सुजलं होतं, तेही किरणांमुळंच. गोळ्यांनी सूज उतरली. छाती मात्र पहिल्यासारखी भरेना.

"गाठ गेली का?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"लहान झालीय. गेली नाही."

आता गाठीची पुढची तपासणी जवळ आली की आठवडाभर आधी तो बोलायचा बंद होतो. परवा सोपान म्हणाला, "दाजी, मी येतो संगं."

"ये," एवढंच म्हणून चिमाजी खांब धरून दम घेत उभा राहिला.