मुळी धरण्याच्या दिवसांत

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ सातव्या महिन्याचं दिसायला हवं होतं, दिसत होतं सहाव्याचं. नाळेतला रक्तप्रवाह कमी. आईचं बीपी चढलेलं, पाय सुजलेले. सूज वाढली म्हणूनच प्रणिताला अकोटहून माझ्या अकोल्याच्या दवाखान्यात आणलं होतं. आधीचे दोन गर्भ गेले होते, म्हणून या खेपेला सासरच्यांनी पाच महिने कुणाला कळूच दिलं नव्हतं. नजर लागते म्हणे. डॉक्टरचीही लागत असावी.

सोबत सासू होती आणि डोहाळजेवणासाठी शेंदूरजनाघाटहून आलेली तिची आई होती. आधीचा काही आजार, काही गोळ्या, असं मी विचारलं. प्रणितानं तोंड उघडायच्या आत सासूनं नाही म्हणून सांगितलं. आईनंही मान हलवली. मी प्रणिताच्या गळ्यावर बोटं ठेवून तिला घोट गिळायला लावला. बोटांखाली सूज वरखाली झाली. थायरॉईड.

रक्त पाठवलं. टीएसएच म्हणजे मेंदूनं थायरॉईडला मारलेली हाक. ग्रंथी जितकी आळशी, तितकी हाक मोठी. प्रणिताचा आकडा पाहून मी लॅबला पुन्हा फोन केला. आकडा बरोबर होता.

दोघींना बाहेर बसवलं, तेव्हा पोरगी बोलली. कॉलेजात असल्यापासून तिला थायरॉईडची गोळी चालू होती. लग्न जमताना आईनं ते लपवलं. सासरी ती गोळ्या होमिओपॅथीच्या बाटलीत भरून ठेवायची, केस गळतात म्हणून घेते असं सांगायची. दिवस राहिले की सासू ती बाटली काढून घ्यायची. पोटुशीला केसांचं कसलं कौतुक, पोटाला बाधेल. प्रणिता खरं कारण सांगू शकत नव्हती. तिन्ही वेळा हेच झालं.

माझं डोकं फिरलं. पहिले काही महिने पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नाही. ते आईच्याच हार्मोनवर जगतं. त्याच महिन्यांत वार, म्हणजे नाळेतून बाळाला रक्त पुरवणारी गादी, गर्भाशयात रुजत असते, आणि रुजायला तिलाही तेच हार्मोन लागतं. ते कमी पडलं तर वार उथळ राहू शकते, बाळाला रक्त पुरत नाही, आईचं बीपी चढतं. आधीचे दोन गर्भ याच्यामुळेच गेले असं मी शपथेवर सांगणार नाही. पण सासरी तिला करंटी म्हणत होते, आणि आई ते ऐकून गप्प बसत होती.

प्रणिताला विचारून मी तिच्या आईला एकटीला आत घेतलं.

"दोन गर्भ गेले, तेव्हाही सांगितलं नाहीत?"

"सांगतलं असतं तं टाकून देल्ली असती पोरीले, मॅडम."

ती रडायला लागली. मला दया आली नाही, रागच आला. तिच्या घरी संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. मी विचारलं, "कलम लावल्या लावल्या पाणी तोडता का?"

"नाई जी. मुळी धरत नाही मंग."

"वारेचंही तेच आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून नेमकं तेव्हाच पाणी तोडलंत."

सासरच्यांना मीच सांगावं असं प्रणिता म्हणाली. मी सांगितलं. सासूच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "म्हंजे आमाले फसवलं यायनं." बाळाचं विचारलं ते फक्त तोवर अकोटहून पोचलेल्या नवऱ्यानं, तेही खाली बघून. फसवणुकीचा निवाडा घरी करा, आत्ता ही ॲडमिट होतेय, एवढंच मी बोलले.

गोळी त्याच दिवशी सुरू केली. पण उथळ रुजलेली वार आता नव्यानं मुळ्या धरणार नव्हती. बीपीची औषधं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं, नाळेतला प्रवाह मोजायला रोज डॉपलर, असं करत जमेल तितके दिवस ढकलले. मग नाळेतला प्रवाह आणखी घसरला आणि सिझर करावं लागलं. मुलगी झाली. मांजराच्या पिल्लासारखी रडली, पण रडली. ती काचेच्या पेटीत गेल्यावर मी वार ट्रेमध्ये ठेवून दोघी बायकांना दाखवली. ताटलीएवढी असते ती बशीएवढी होती, जागोजागी पांढरी, कडक.

पोर वाचली. तिची थायरॉईडची तपासणीही चांगली आली. प्रणिता आता सगळ्यांदेखत गोळी घेते.

पुढच्या वर्षी सासू नातीला घेऊन लसीसाठी आली. जाता जाता खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "धाकट्यासाठी पोरगी पायली. साखरपुड्याच्या आदी तिचं थायरॉईड पाहून द्या. कायचं रक्त हाय ते तिले सांगू नका."

"निघालं तर?"

"तं दुसरी पाहू."

नात तिच्या मांडीवर बसून माझा स्टेथोस्कोप ओढत होती.

"मग एक होमिओपॅथीची बाटली आत्तापासूनच धुऊन ठेवा," मी म्हटलं. "हा आजार घराण्यात उतरतो. उद्या हिचं लग्न जमवतानाही लागेल."

बाई उठून गेली. त्या मुलीचं रक्त मी तपासलं नाही. थायरॉईडवर गोळी आहे, रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी घ्यायची. सोयरिकीवरचं औषध मला अजून सापडलेलं नाही.