हनुवटीताई

हनुवटीताई कुणाशीही बोलताना त्याच्या गळ्याकडे बघत. पहिल्या दिवशी माझ्या मावशीला वाटलं, बाईंची नजर आपल्या गळ्यातल्या सोन्याच्या पोतीवर आहे. तिने पदर ओढून घेतला. ताई मात्र मावशीचा चहा कसा उतरतो ते बघत होत्या.

हे नाव आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलेलं. पक्षाघातानंतर त्यांना गिळताना ठसका लागे, पाणीही श्वासनळीत जाई. धुळ्याच्या दवाखान्यातून ते नाकात नळी घेऊनच घरी आले. गिळण्याचे व्यायाम शिकवायला ताई येऊ लागल्या, तेव्हा आबांनी अडखळत, आपल्या अहिराणीत एवढंच सांगितलं, "माले भरीत खावानं शे."

ताईंनी त्यांना खुर्चीत ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घ्यायला लावली आणि घट्टसर पेजेचा अर्धा चमचा दिला. "आता गिळा. वर नाही बघायचं." तो उतरला. आईला रडू फुटलं, आणि ताईंनी तिलाही दटावलं. पुढचा चमचा आई उभ्याने भरवत होती ना! "काकू, तुम्ही उभ्या राहिलात की ते मान वर करतात. खाली बसा." जन्मभर आबांना वाढून मग मागून जेवलेली माझी आई त्यांच्यासमोर पाटावर बसली. मला ते फार आवडलं.

खरा तंटा पाण्यावरून झाला. आबा पिंपळनेरचे, आयुष्यभर मान मागे टाकून तांब्यातून वरून पाणी पिणारे. पुढे पाण्याची परवानगी मिळाली, तर भांड्याला ओठ लावायला तयार होईनात. "उष्टं माले नको." ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी रुंद तोंडाचा पेला घेऊन आल्या. "आबा, हाऊ पेला तुमनाच शे. आते उष्टं कसानं?" आबा हसले आणि मान खाली घालून प्यायले.

शेजारच्या काकांनी हे पाहून आपल्या आजारी भावाचीही हनुवटी दाबायला सुरुवात केली, तेव्हा मात्र ताई भडकल्या. "प्रत्येकाचा गळा वेगळा. तपासल्याशिवाय कुणाची मान हलवायची नाही!"

नळी निघाली. ताई जळगावला नोकरीवर गेल्या, फोन कमी झाले. आबा गेल्याचं कळवायला मी त्यांना फोन केला.

"झोपेतच गेले," मी म्हणालो. "रात्री भरीत खाल्लं होतं."

"तोंडानं ना?"

"हो ताई. तोंडानं. आईच्या हातचं."

पलीकडे ताई रडायला लागल्या.