हवालदाराने सोडलेली चौकी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण ही एक जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. ऐंशीच्या दशकात मी बहरीनच्या पोलीस खात्यात तपासाचं काम करत होतो. हमद टाउन तेव्हा नुसतं आखलेलं होतं. वाळूत गोल चौक, सिमेंटच्या विटांचे ढीग आणि एका टोकाला आमची पत्र्याची चौकी. तिथे साताऱ्याकडचा एक हवालदार असे. फौजेत लढाई पाहून आलेला, कडक इस्त्रीचा. माझा हुद्दा वरचा, तरी माझा पट्टा सैल दिसला की बिनदिक्कत टोकायचा. मला तो फार आवडायचा.

एका दुपारी रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या टिपर ट्रकखाली सापडून तो गेला. चौकीपासून चांगलाच लांब. ड्रायव्हरला मी उलटसुलट विचारलं. "आरशात कोणी नव्हतं, साहेब," यापुढे तो सरकेना आणि मला तो खोटाही वाटेना. वरिष्ठ म्हणाले, "चौकी सोडून भटकत होता. खलास." तसा शेरा गेला असता तर गावी त्याच्या बायकोला जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं. मी थोडी मुदत मागून घेतली.

खबर दिली तुबली गावातल्या न्हाव्याने. दाढी करता करता म्हणाला, "साब, वो हवालदार मरा ना, उसके दूसरे दिन आपके मुलुक का एक आदमी आया था. सर मुंडवाया, मूँछ भी. बहुत रोया." आपल्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. परदेशात अशी बातमी आली की गाववाले जमतात, बसायला येतात. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं. मला ते खटकलं.

तो जवळच्याच गॅरेजात सापडला. ठाण्यात आणून आधी चहा दिला. घाबरलेल्या माणसावर ओरडून काही हाती लागत नाही.

"वडील कधी गेले?"

"हायेत की, साहेब. गावाकडं हायेत."

"मग मिशी कुणासाठी काढलीस?"

तो रडायलाच लागला. त्या दुपारी हा विटांच्या ढिगाआड सावलीला झोपला होता. टिपर मागे येताना पाहून हवालदार शिट्टी फुंकत धावला, याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि स्वतः चाकाखाली गेला.

"व्हिसा संपलेला, म्हणून पळालो. त्यांचं हितं कोण न्हवतं, साहेब. म्हणून म्या केस दिले."

"जबाब दिलास तर तुला परत पाठवतील."

"पाठवू द्या. पर त्यांनी चौकी सोडली ती माझ्यापायी, एवढं लिवा."

मी लिहिलं. कर्तव्य बजावताना मृत्यू, असा शेरा झाला. तेव्हापासून कुठलंही मरण असो, कोण पळालं हे शोधण्याआधी मी कोण रडतंय ते बघायला लागलो. पुष्कळदा दोन्ही एकच माणूस निघाला.

त्याला परत पाठवलं तेव्हा हवालदाराच्या बायकोला विचारून अस्थी त्याच्याकडेच दिल्या. विमानतळावर तपासणीवाल्याने कलशाकडे बघून विचारलं, "ये तुम्हारे कौन?"

"बाप," तो म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. त्याचं म्हणणं खोडून काढावंसं मला वाटलं नाही.