तुटणारी भाकरी आणि दुष्काळाची गोष्ट

मंडळी, मी मिरजगावचा, सध्या चेन्नईत कामाला हाय. आज भाकरी थापायला घेतली, पण गावाकडनं आणलेलं पीठ जुनं झालेलं. थापली की तुटायची. वैतागून आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली.

आबा हसले. "बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल ज्वारीची अशीच तुटायची. आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची."

तेव्हा कसं जगलात, असं आधी लई वेळा विचारलं, तर "जगलो की" एवढंच म्हणायचे. आज आपणहून बोलले.

तसंच मळलं. भाकरी अख्खी उतरली.

"चवीला कशी हुती ती लाल भाकरी?" मी विचारलं.

"आमाला ग्वाड लागायची. आई सगळ्यांच्या मागनं जेवायची. तिला उरायची का, काय म्हाईत."

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा. शेवटी जेवणारी काय खायची?