पडद्याच्या कापडाचा स्त्रीकेसर

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मावशींची सव्वीस वर्षं गेली. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी फुलं तोडून आणायची, हे त्यांचं काम. मुलं त्यांना केसरमावशी म्हणायची, कारण फूल हातात आलं की त्या पाकळ्यांकडे बघायच्याच नाहीत, थेट केसर मोजायच्या. बहिणीच्या लग्नातल्या पुष्पगुच्छालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

तपासणी समिती दोन दिवसांवर आली आणि फुलाचं प्लास्टरचं भलंमोठं मॉडेल पुसताना मावशींच्या हातून निसटलं. त्या तशाच विभागप्रमुखांकडे गेल्या.

"सर, माझ्या हातून स्त्रीकेसर फुटला."

"कोणाचा?" सरांनी दचकून विचारलं.

"आपल्या फुलाचा. बाकी सगळं धड आहे."

सरांनी कपाळाला हात लावला. स्त्रीकेसराच्या फुटलेल्या पोटात नेमकं काय दिसायचं, हे मावशींनीच विचारलं. सरांनी टेबलावरचा कागद उचलला. "हे समजा पान. फार फार पूर्वी याच्या कडेला बीजांडं उघडीच असायची. मग लाखो वर्षांत पान दुमडत गेलं, कडा जुळल्या, बीजांडं आत झाकली गेली. तो स्त्रीकेसर. त्याचंच पुढे फळ होतं."

"म्हणजे पिशवीच की. मी शिवते."

घरी त्यांनी जुना हिरवा पडदा फाडला, पानाच्या आकारात कापला, कडांना पांढरे मणी टाचले आणि वर ब्लाउजचे हूक लावले. बसचालक नवरा जेवता जेवता थांबला.

"हे काय शिवतेस?"

"स्त्रीकेसर."

"कोणासाठी?"

"समितीसाठी."

त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. कापड उरलं म्हणून मावशींनी कुमुदाच्या फुलात पाकळ्या आत आत केसरांसारख्या होत जातात ते आठवून एक रांगही शिवली: एका टोकाला रुंद पाकळी, मग अरुंद, मग पिवळ्या शेंड्याची, शेवटी नुसता पुंकेसर.

समितीत तिघं होते. त्यातल्या जाड चष्म्याच्या बाईंनी हूक काढून पान उलगडलं, मणी पाहिले, पुन्हा हूक लावले, परत काढले. मग सरांचं लक्ष रांगेकडे गेलं.

"पुंकेसर रुंदावत गेले आणि त्यांच्या पाकळ्या झाल्या, ते इथे दिसतं," ते म्हणाले.

"उलट आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "पाकळ्याच आक्रसत पुंकेसर झाल्या."

दोघांचे आवाज चढले. अर्धा तास गेला. अखेर अध्यक्षांनी मावशींनाच विचारलं, "तुम्ही सुरुवात कुठून केली?"

"मधूनच, साहेब. तिथे टाका सोपा जातो."

चष्म्याच्या बाई खिडकीकडे तोंड करून हसत राहिल्या. वादाच्या भरात गळका नळ, बंद पडलेला सूक्ष्मदर्शक आणि कुलूप न उघडणारं कपाट बघायचं राहूनच गेलं. अहवालात शेरा आला: साधनसामग्री उत्तम.

त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या वर्गाला परीक्षेत स्त्रीकेसर नीट काढता आला. तीन मुलांनी चित्रात त्याला हूकही काढले होते.

सरांना हुरूप आला. "मावशी, आता परागकण शिवा."

मावशींनी सुई डबीत ठेवली. "तो भिंगातूनही नीट दिसत नाही, सर. डोळे मला निवृत्तीनंतरही लागणार आहेत."